परक्या आवाजातली घरची गोष्ट : 'नेव्हर हॅव आय एव्हर' आणि मराठी समीक्षेपुढील एक प्रश्न

मराठी नाटक-कथेतील अमेरिका ही बहुतांशी इकडून दिसणारी अमेरिका आहे. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया'तील नाना-नानींचे घर हे या दृष्टीचे सर्वांत परिचित उदाहरण. एक मुलगा परदेशी, दुसरा सैन्यात, आणि रंगमंचावर सतत उपस्थित असते ती वाट पाहणाऱ्यांची खोली. अमेरिका येथे प्रत्यक्ष येत नाही. ती पत्रातून येते, बातमीतून येते आणि मुख्यतः अनुपस्थितीतून जाणवते. शोकाचे केंद्र ज्यांना मागे ठेवले गेले त्यांच्यापाशी आहे. पुढील दशकांत तिकडे गेलेल्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली. टोरांटोहून निघणारे 'एकता' हे त्रैमासिक, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांनिमित्त होणारे लेखन, शोभा चित्रे यांचे 'गोठलेल्या वाटा'सारखे पुस्तक यांतून दुसरी बाजू मराठीत आली. तथापि तेथेही बोलणारी पिढी पहिलीच होती. तिची मुले त्या लेखनात आहेत, परंतु ती 'प्रश्न' म्हणून आहेत. त्यांची भाषा सुटत चालली, ती उशिरा घरी येतात, त्यांना देव्हाऱ्यापुढे बसवावे लागते. ती स्वतः बोलत नाहीत, कारण ज्या भाषेत ती बोलली असती ती मराठी नव्हती. ही त्या लेखनाची उणीव म्हणण्यापेक्षा त्याची सीमा म्हणावी. सीमा कोठे आहे हे मात्र अभ्यासकाला ठाऊक असले पाहिजे.

'नेव्हर हॅव आय एव्हर' या अमेरिकन मालिकेचा विचार या सीमेपलीकडील एक संहिता म्हणून करता येतो. २०२० च्या एप्रिल महिन्यात नेटफ्लिक्सवर तिचे पहिले पर्व आले आणि २०२३ च्या जूनमध्ये चौथ्या पर्वाने ती संपली. एकूण भाग चाळीस. मिंडी केलिंग आणि लँग फिशर या दोघी तिच्या निर्मात्या. केलिंग यांचे वडील तमिळ, आई बंगाली. त्या स्वतः अमेरिकेत जन्मलेल्या. मालिकेची नायिका देवी विश्वकुमार ही लॉस एंजेलिसच्या शर्मन ओक्स भागातील शाळेत शिकणारी पंधरा वर्षांची तमिळ कुटुंबातील मुलगी. तिचे आईवडील २००१ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत आले, असे आरंभीच सांगितले जाते. हा महिना निवडण्यातील उपरोध वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. वडील मोहन यांचा शाळेतील वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात, देवी हार्प वाजवीत असताना, हृदयविकाराने मृत्यू होतो. त्यानंतर काही महिने देवीचे पाय लुळे पडतात. मालिका सुरू होते तेव्हा ती पुन्हा चालू लागलेली आहे, शाळेचे नवे वर्ष उजाडले आहे, आणि देव्हाऱ्यापुढे उभी राहून ती जे मागते त्यात एका मेजवानीचे आमंत्रण आहे, हातावरची लव विरळ व्हावी ही विनंती आहे आणि एक मित्र हवा आहे. वडिलांचे नाव त्या मागण्यांत नाही. मालिकेचे संपूर्ण आशयसूत्र या वगळण्यात आहे.

शीर्षकातील शब्द हे तरुणांच्या मेळाव्यात खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचे नाव आहे. प्रत्येकाने आपण आजवर काय केलेले नाही ते सांगायचे, आणि ज्यांनी ते केले असेल त्यांनी ते कबूल करायचे. बहुतेक भागांची नावे याच शब्दांना जोडून वाचायची आहेत. स्वतःची ओळख न केलेल्या गोष्टींच्या यादीतून सांगणे हा खेळ वयात येणाऱ्या कोणाही मुलीला लागू पडेल. पण जिच्या घरात 'हे आपल्यात करत नाहीत' हे वाक्य रोज उच्चारले जाते तिला तो अधिकच लागू पडतो.

परंतु मराठीच्या अभ्यासकाने या मालिकेकडे वळावे याचे मुख्य कारण तिचा विषय हे नसून तिचा निवेदक हे आहे. देवीची गोष्ट देवी सांगत नाही. तिची आई, आजी, मैत्रीण यांपैकीही कोणी सांगत नाही. ती सांगतो जॉन मॅकेन्रो. विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद तीनदा मिळवलेला, पंचांशी मैदानावर भांडण्याबद्दल जगभर ओळखला गेलेला, आज साठीच्या पुढे असलेला हा गौरवर्णीय अमेरिकन टेनिसपटू स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच आवाजात एका तमिळ मुलीच्या मनातील खळबळ सांगत असतो. प्रथमदर्शनी हा केवळ विनोदासाठी केलेला विक्षिप्तपणा वाटतो. अनेक प्रेक्षकांनी तो तसाच घेतला, आणि वसाहतोत्तर समीक्षेच्या परिभाषेशी परिचित असलेल्या कोणालाही त्यात आक्षेपार्ह असे काही सापडेलच : गौरेतर मुलीला स्वतःचा आवाज नाही, तिच्या वतीने पुन्हा एक गोरा पुरुष बोलतो आहे.

हा आक्षेप चुकीचा नाही, पण तो घाईचा आहे. कारण मालिका पुढे जाते तसे कळत जाते की मोहन हा मॅकेन्रोचा चाहता होता. बापलेकीच्या स्मृतीत हा खेळाडू दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून येऊन बसलेला आहे, आणि त्याचा संताप हा देवीच्या स्वभावाशी जुळणारा म्हणून बापाने कौतुकाने पाहिलेला आहे. म्हणजे निवेदकाचा आवाज बाहेरून लादलेला नाही. तो वडिलांच्या आवडीतून आलेला वारसा आहे. मृत वडील स्वप्नांतून आणि आठवणींतून दिसतात, पण मुलीला सतत सोबत करणारा आवाज ते स्वतः देऊ शकत नाहीत. तो त्यांनी जणू उसना आणून ठेवला आहे. स्थलांतरित बापाने मुलीला काय दिले, या प्रश्नाचे येथे मिळणारे उत्तर अनपेक्षित आहे. भाषा त्याने फारशी दिलेली नाही, पूजेअर्चेचे ज्ञान बेताचेच दिले आहे. जे दिले ते एका परक्या देशातील परक्या माणसाबद्दलचे प्रेम. त्याने तो देश ज्या वाटेने आपलासा केला, ती वाट मुलीच्या वाट्याला आली आहे. तंत्र आणि आशय यांचा असा मेळ आपल्याकडील निवेदनमीमांसेच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगता यावा इतका नेमका आहे.

याच्या जोडीला मालिकेने निवेदक बदलण्याचाही प्रयोग केला आहे. देवीचा प्रतिस्पर्धी बेन ग्रॉस याच्यावरील भागात अँडी सँबर्ग हा विनोदी नट बोलतो. शाळेतील सर्वांना हवाहवासा वाटणारा पॅक्स्टन हॉल-योशिदा याच्या भागात जीजी हदीद ही मॉडेल. पॅक्स्टनच्या देखणेपणापलीकडे कोणी पाहत नाही, म्हणून त्याची व्यथा ठाऊक असलेली व्यक्ती निवेदक म्हणून निवडलेली आहे. प्रत्येकाचे अंतरंग त्याच्याशी एखाद्या आडवळणाच्या नात्याने बांधलेल्या तिसऱ्याच माणसाने सांगावे, असा येथील नियम दिसतो. (सोळा-सतरा वर्षांच्या पॅक्स्टनची भूमिका तिशीकडे झुकलेल्या नटाने केली आहे, हे जाता जाता नमूद करावे. अमेरिकन शालेय मालिकांची ही जुनीच खोड आहे.)

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या २००४ मधील कादंबरीशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. आणीबाणीच्या काळातील नववीचा मुलगा मुकुंद जोशी तेथे प्रथमपुरुषी बोलतो आणि त्याची भाषा हेच त्या कादंबरीचे बळ आहे. शिरोडकर मात्र सतत त्याच्या नजरेतून दिसते. तिच्या मनात काय चालले होते हे वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही, आणि कळू नये हीच रचना आहे. मराठीत वयात येणाऱ्या मुलाला स्वतःची बोली मिळाली. वयात येणाऱ्या मुलीला ती तितक्या मोकळेपणाने क्वचितच मिळाली. 'नेव्हर हॅव आय एव्हर'मध्ये पाहणारी मुलगी आहे. पॅक्स्टनकडे ती ज्या निःसंकोच नजरेने पाहते ती नजर आपल्या कथात्म साहित्यात बहुधा मुलांसाठी राखून ठेवलेली होती. तरीही तिचे पाहणे शब्दांत मांडण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवलेले आहे. नजर तिची, वाणी परक्याची. हा अंतर्विरोध मालिकेने सोडवलेला नाही. तो तिने उघड्यावर ठेवला आहे, आणि त्यामुळेच तो चर्चेला उपयोगी आहे.

दुसरी बाब शोकाची. विनोदी मालिकेत पित्याचा मृत्यू हा आरंभीचा करुण प्रसंग म्हणून वापरायचा आणि नंतर विसरायचा, ही व्यावसायिक लेखनाची रूढ युक्ती आहे. येथे तसे होत नाही. देवी शोक टाळण्यासाठी जे जे करते तेच विनोदाचे कारण होते : एकाच वेळी दोन मुलांशी मैत्री, मैत्रिणींशी खोटेपणा, डॉ. रायन या समुपदेशक बाईंपुढे विषय बदलण्याची धडपड. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की ही मुलगी धावते आहे ती कशापासून तरी. एका भांडणात ती आईला सांगते की त्या रात्री बाबांऐवजी तू गेली असतीस तर बरे झाले असते. हे वाक्य उच्चारले गेल्यावर विनोदी मालिकेला परत फिरता येणे कठीण असते. या मालिकेला ते जमले आहे, कारण आईचे पात्र तितक्याच ताकदीचे लिहिलेले आहे. नलिनी ही त्वचारोगतज्ज्ञ आहे, कडक आहे, नवऱ्याच्या अस्थी घरात ठेवून ती रोज कामावर जाते, आणि मुलीने तिला शत्रू ठरवावे इतकी ती एकटी आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी मॅलिबूच्या समुद्रात अस्थी सोडल्या जातात तेव्हा देवीला तेथे वेळेवर पोहोचवतो तो तिचा शत्रू बेन.

मराठी वाचकाला येथे 'कोसला' आठवावी हे स्वाभाविक आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ मधील त्या कादंबरीत मनीच्या मृत्यूचे प्रकरण आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली वात्रट, खोडकर भाषा यांतील नाते समीक्षेने पुष्कळ चर्चिले आहे. पांडुरंग सांगवीकरचा विनोद दुःखाला झाकत नाही, तो दुःख सांगण्याची एकमेव उरलेली पद्धत आहे. दोन्ही संहितांची प्रतवारी लावण्याचा येथे हेतू नाही. एकीकडे एका भाषेच्या गद्याला वळण देणारी कादंबरी आहे, दुसरीकडे लोकरंजनासाठी तयार झालेली मालिका. परंतु 'कोसला'चा आस्वाद घेताना आपण जो निकष मान्य केला, तो इतरत्र लावायला संकोच का व्हावा?

या संदर्भात एका प्रसंगाकडे लक्ष वेधले पाहिजे. पहिल्या पर्वात देवीला एक कायोटी, म्हणजे तिकडच्या टेकड्यांतून वस्तीत उतरणारा कोल्ह्यासारखा प्राणी, दिसतो आणि बाबाच या रूपाने आले असे तिला वाटते. ती त्याच्याशी बोलू लागते आणि तो तिला चावतो. अमेरिकन प्रेक्षकाला हा प्रसंग चमत्कारिक विनोद वाटला असेल. ज्याने दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड मांडून कावळ्याची वाट पाहिली आहे, 'तुमचे मागे राहिलेले सारे पाहू' असे मोठ्याने सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना ऐकले आहे, त्याला तो निराळा दिसेल. गेलेला माणूस प्राण्याच्या रूपाने येतो, त्याच्या मनात काहीतरी राहिलेले असते, आणि जिवंतांना त्याच्याकडून एक खूण हवी असते, ही श्रद्धा घेऊन देवीचे आईवडील तिकडे गेले. तेथे घाट नव्हता, भटजी नव्हते, कावळ्याला हाक मारण्याची रीत मुलीला कोणी शिकवली नव्हती. तरी श्रद्धेला रूप हवेच होते, ते तिने तेथील रानातून शोधले. विधी हरवल्यावर श्रद्धा कोठे जाते हा प्रश्न समाजशास्त्राच्या पुस्तकांत मांडलेला असतो. येथे तो एका मुलीच्या दंडावरील चाव्याच्या गोष्टीत मांडला गेला आहे.

दुसऱ्या पर्वात कथानक 'संध्याछाया'च्या अगदी जवळून जाते आणि नेमके उलट वळते. नलिनी सर्व आवरून चेन्नईला परतण्याचा विचार करते. ती तेथे जाऊन येते, आणि माहेरी आपल्यासाठी जागा राहिलेली नाही हे तिला कळते. जिव्हाळा दाखवते ती सासू निर्मला, म्हणजे मोहनची आई. अमेरिकेत मुलगा गमावलेली ही वृद्धा सुनेबरोबर अमेरिकेला येते. दळवींच्या नाटकात वृद्धांच्या हालचालीला वाव नाही; त्यांना घरात बसून राहायचे असते आणि ते घर त्यांच्याभोवती आवळत जाते. तेथे शेवट झोपेच्या गोळ्यांनी होतो. येथे आजी विमानात बसते, नातीच्या शाळेतील भानगडींत नाक खुपसते, भाचीसारख्या असलेल्या कमलाच्या लग्नात मोडता घालते, आणि अखेरच्या भागात लेन नावाच्या गोऱ्या वृद्धाशी स्वतःच लग्न करते. हे गोडगोड आहे काय? काहीसे आहे. चौथे पर्व सर्वांचे भले करण्याच्या घाईत आहे, आणि तिसऱ्यात कथानक बरेच ठिकाणी रेंगाळते. पण मुलगा गमावलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या विधवेच्या आयुष्यात पुढे काही घडू शकते ही कल्पना आपल्या शोकनाट्याला का सुचली नाही, याचा विचार या लग्नामुळे करावा लागतो. त्याचे कारण केवळ दळवींच्या काळाच्या मर्यादा हे नसावे. परदेशी गेलेल्या मुलाला अपराधी ठरवण्यासाठी मागे राहिलेल्यांचे आयुष्य तेथेच थांबलेले असणे या कथांना आवश्यक होते.

गणेशपूजेचा भाग पुष्कळ चर्चिला गेला, त्याबद्दल थोडक्यातच. देवी नाइलाजाने साडी नेसून तेथे जाते. एकेकाळी तिच्यासारखाच या सर्वांची टिंगल करणारा हरीश आता स्टॅनफर्डला जाऊन आपल्या परंपरेचा अभिमान बाळगू लागला आहे. तेथेच समाजाने वाळीत टाकलेल्या जयाशी नलिनीचे बोलणे होते. जयाचे पूर्वीचे लग्न मुस्लिम पुरुषाशी झालेले होते, आणि त्यामुळे दुरावलेले माहेर घटस्फोटानंतरही जवळ आलेले नाही. या बोलण्यातून मालिका काय सुचवते याबद्दल तेव्हाच आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त होते. पुढच्या पर्वात अनीसा कुरेशी ही मुस्लिम भारतीय मुलगी शाळेत येते. ती सुंदर आहे, सर्वांना आवडते, आणि देवी तिचा द्वेष करू लागते. हा मालिकेतील सर्वांत निर्दय आणि सर्वांत खरा भाग म्हणावा लागेल. आपण भारतीय आहोत म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही, ही देवीची समजूत अनीसाच्या येण्याने कोसळते. अस्मितेची व्यथा काही वेळा स्वभावदोषाला मिळालेले सोयीचे स्पष्टीकरण असते, हे अस्मितेच्या राजकारणाने भारावलेल्या काळात एका किशोरवयीन मालिकेने सांगावे, याची दखल घेतली पाहिजे.

आता या मालिकेबद्दलची मुख्य तक्रार. चाळीस भागांत जात नाही. लग्न जुळवणे आहे, कुटुंबाची प्रतिष्ठा आहे, पंडित आहेत, शाकाहार-मांसाहाराचे संकेत आहेत, आणि या सर्वांच्या मुळाशी जे असते त्याचा उच्चार नाही. 'विश्वकुमार' हे आडनाव कशाचाही पत्ता लागू नये अशा बेताने घडवलेले दिसते. हे अज्ञान म्हणावे तर मालिकेची वर्षे पाहावीत. २०२० च्या जून अखेरीस, पहिले पर्व प्रदर्शित होऊन दोन महिने होतात न होतात तोच, याच कॅलिफोर्निया राज्याच्या शासकीय विभागाने एका मोठ्या संगणक-कंपनीतील दलित अभियंत्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल खटला दाखल केला. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक संमत केले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्याला नकाराधिकार वापरला. विश्वकुमार कुटुंबाच्या शेजारी, त्याच महिन्यांत, भारतीय स्थलांतरितांच्या घरांत हा वाद पेटलेला होता. दलित साहित्याने घडवलेल्या मराठी वाचकाला हे मौन ऐकू येतेच. भारतीयत्व ही अमेरिकेत एकसंध वस्तू म्हणून दाखवली जाते तेव्हा ती कोणाच्या घरातून उचललेली असते, हा प्रश्न आपल्याकडील विद्यार्थी अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा अधिक नेमकेपणाने विचारू शकेल.

आणि येथेच एक मराठी नाव भेटते. देवीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा तरुण शिक्षक मनीष कुलकर्णी हा पुढे कमलाच्या प्रेमाचा विषय होतो. आजीला तो पसंत नाही. तो परंपरेपासून सुटलेला वाटतो. कुलकर्णी हे नाव म्हणजे गावगाड्यातील वतन, वंशपरंपरागत लेखणी आणि तिच्यामुळे आलेली सत्ता. मुंबई राज्यात ती वतने कायद्याने रद्द झाली ती १९५० साली. तमिळ कुटुंबात मराठी ब्राह्मणी आडनावाचा जावई येणार असेल तर दोन्ही घरांत भाषेवरून, पंक्तीवरून, पोटजातीवरून काय काय बोलले गेले असते याची कल्पना महाराष्ट्रातील कोणीही करू शकतो. मालिकेत यांतील काही नाही. तेथे 'कुलकर्णी' म्हणजे फक्त 'भारतीय'. हे लेखनाचे दारिद्र्य आहे की स्थलांतराने खरोखर घडवून आणलेली विस्मृती आहे, हे ठरवणे सोपे नाही. बहुधा दोन्ही आहे. तेथे वाढलेल्या एखाद्या मनीषला आपल्या नावाचा अर्थ ठाऊक नसणे सर्वथा शक्य आहे. त्याच्या घरच्यांना तो ठाऊक नसणे मात्र शक्य नाही.

भाषेबाबतही असेच. घरात तमिळ जवळजवळ बोलली जात नाही. 'कन्ना' हे लाडाचे संबोधन मात्र टिकले आहे. भूमिका करणारी मैत्रेयी रामकृष्णन ही सुमारे पंधरा हजार इच्छुकांतून निवडली गेलेली नवोदित मुलगी श्रीलंकेतून कॅनडात आश्रयाला आलेल्या तमिळ आईवडिलांची. म्हणजे 'भारतीय अमेरिकन' मुलीचा चेहरा प्रत्यक्षात इलम तमिळ आणि कॅनडियन आहे, आणि त्या चेहऱ्यामागील युद्धाचा इतिहास कथेत कोठेही नाही. हॉलिवुडला एवढा तपशील परवडत नाही असे म्हणून हे सोडून देता येईल. तसे सोडायचे असेल तर मग 'प्रातिनिधिकता' हा शब्द तरी जपून वापरावा. 'सिंप्सन्स'मधील दुकानदार अपू याला १९९० पासून तीन दशके एका गोऱ्या नटाने आवाज दिला, त्याच्या तुलनेत ही मालिका पुष्कळ पुढे आहे हे खरेच. पण ती पायरी फार खालची होती.

असे असता मराठी विभागाने या इंग्रजी मालिकेकडे का पाहावे, हा आक्षेप येणारच. तो बिनबुडाचा नाही. आपल्याकडे वेळ थोडा आहे, मराठीचेच कितीतरी अनभ्यस्त आहे, आणि पडद्यावरील जे दिसेल ते शोधनिबंधाला घेण्याची नवी हौस काळजी वाटावी इतकी वाढली आहे. परंतु प्रश्न मालिकेला अभ्यासक्रमात जागा देण्याचा नाही. परदेशस्थ मराठी साहित्यावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी जेव्हा 'दुसऱ्या पिढीतील सांस्कृतिक संघर्ष' असे प्रकरण लिहितो, तेव्हा त्याचा सर्व पुरावा पहिल्या पिढीच्या लेखनातील असतो. आईच्या कथेवरून मुलीचे अंतरंग सांगितले जाते आणि निष्कर्ष ठरलेला असतो : मूल्यऱ्हास, भाषाऱ्हास, मुळांपासून तुटणे. ज्यांच्याबद्दल हे लिहिले त्यांनी स्वतःबद्दल काय म्हटले, हे पाहण्याची आवश्यकता वाटत नाही, कारण ते इंग्रजीत आहे. एका बाजूची साक्ष ऐकून दिलेला हा निवाडा आहे. तौलनिक साहित्याभ्यासाची अभ्यासपत्रिका याच कामासाठी असते. झुंपा लाहिरी यांच्या 'नेमसेक'शी ती अजून फार तर नमस्कारापुरती ओळख ठेवून आहे.

दुसऱ्या पर्वात कमलाचे उपकथानक आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संशोधन करणाऱ्या या हुशार मुलीचे नाव तिच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या शोधनिबंधातून वगळले जाते, आणि तिने ते मुकाट्याने गिळावे की आवाज करावा हा पेच उभा राहतो. लग्नासाठी सुचवलेला प्रशांत सालस आहे, पण अशा वेळी जमवून घे म्हणणारा आहे. संशोधक विद्यार्थिनींना हे उपकथानक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

अखेरच्या पर्वात देवीला प्रिन्स्टनचा प्रवेश मिळवायचा आहे. तिच्याकडून निबंध हवा असतो, आणि वडिलांच्या मृत्यूविषयी लिहिणे ती शक्य तितके टाळते. शेवटी ती ते लिहिते आणि तिला प्रवेश मिळतो. चार पर्वे जे दुःख उच्चारता येत नव्हते ते प्रवेशअर्जाच्या निमित्ताने उच्चारले जाते. मालिका याला विजय मानते. अमेरिकन विद्यापीठांना अर्जदाराकडून व्यथेची कहाणी हवी असते आणि स्थलांतरितांची मुले ती पुरवायला शिकतात, ही जाणीव लेखिकांना होती की नव्हती हे प्रसंगावरून कळत नाही. मात्र एवढे खरे की चाळीस भागांत देवीने स्वतःच्या शब्दांत, निवेदकाची मदत न घेता, आपली गोष्ट सलग सांगितली ती याच एका कागदावर.

'संध्याछाया' आणि या मालिकेचे दुसरे पर्व एकाच सत्रात, लागोपाठच्या तासांना घेतले, तर विद्यार्थ्यांकडून येणारा पहिला प्रश्न बहुधा नाना-नानींविषयी नसेल. परदेशी राहिलेल्या त्या मुलाच्या घरात पुढे कोणती भाषा बोलली गेली, आणि तेथे वाढलेल्या एखाद्या मुलीला आजी-आजोबांच्या मृत्यूची बातमी कोणी, कोणत्या शब्दांत सांगितली असती, हे ते विचारतील. नाटकाचा पडदा त्याआधीच पडलेला आहे.